आधी वय लिहा, मग इयत्ता

प्रवेशाचे दिवस जवळ आले की कोल्हापुरात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो आणि दरवर्षी तो चुकीच्या टोकाने धरला जातो. एका बाजूचं म्हणणं असं की नावांचा हा गोंधळ एकदाचा संपवा. प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी, एलकेजी, छोटा शिशू, मोठा शिशू, बालवर्ग, मॉन्टेसरी, किती नावं लक्षात ठेवायची? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ‘बालवाटिका’ हे नाव दिलंय, तेच सगळ्यांवर सक्तीचं करा. दुसऱ्या बाजूला पालक आहेत. ते म्हणतात, नाव काहीही ठेवा, पण वय मोजायच्या तारखेला चार दिवस कमी पडले म्हणून आमच्या पोराचं वर्ष वाया घालवू नका. दोन्ही बाजू तळमळीनं बोलतात आणि दोन्ही बाजू इयत्तेबद्दलच बोलतात. मूल आज किती वर्षांचं आहे आणि त्या वर्गात बसताना ते किती वर्षांचं असायला हवं, हा मूळ प्रश्न कुणाच्याच तोंडी येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. वर्गाला नाव कोणतंही असू द्या, पण प्रवेश अर्जावर, शाळेच्या फलकावर, जाहिरातीत, दाखल्यावर, जिथे जिथे इयत्ता लिहिली जाते तिथे तिथे तिच्याआधी वय लिहिलं गेलं पाहिजे: १ जूनला किमान इतकी वर्षं इतके महिने, कमाल इतकी वर्षं इतके महिने. सगळी नावं एक करण्यापेक्षा आणि तारीख मागे-पुढे ओढण्यापेक्षा मला ही गोष्ट जास्त निकडीची वाटते.

गोंधळ खरा आहे, हे आधी मान्य करू. चार वर्षांचं मूल राजारामपुरीतल्या एखाद्या शाळेत नर्सरीत असतं, त्याच वयाचं शेजारचं मूल दुसऱ्या शाळेत ज्युनिअर केजीत असतं आणि तिसरं अंगणवाडीत, जिथे इयत्ताच नसते. काही शाळा पहिलीच्या आधी तीन वर्षं धरतात, काही चार. ज्या शाळेत प्ले ग्रुप आहे तिथली नर्सरी आणि ज्या शाळेत तो नाही तिथली नर्सरी, या दोन वर्गांत एका वर्षाचं अंतर असू शकतं. बदली होऊन पुण्याहून किंवा सोलापूरहून आलेलं कुटुंब पहिल्या दिवशी विचारतं, “आमची मुलगी तिकडे नर्सरी पास आहे, इथे कुठे बसवायची?” यावर शाळा तिचं वय विचारते का? काही विचारतात. बऱ्याच ठिकाणी मात्र चाचणीवजा गप्पा होतात, एबीसीडी म्हणायला लावतात, आणि मुलगी त्या दिवशी लाजली तर एक वर्ष मागे जाते. शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी अशी चाळणी लावायला मनाई केली आहे. पण तो कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना हक्क देतो. तीन ते सहा या वयाबद्दल तो सरकारवर फारसं बंधन घालत नाही, आणि नावांचं सगळं रान माजलंय ते नेमकं याच तीन वर्षांत.

आता एकच मूल घेऊन हिशेब करू. समजा त्याचा जन्म १५ ऑक्टोबर २०१९ चा. महाराष्ट्रात २०२० पासून वय मोजायची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबर झाली. म्हणजे २०२५ च्या डिसेंबरअखेर सहा पूर्ण होणारं हे मूल जून २०२५ मध्येच पहिलीत बसू शकतं, तेव्हा ते साडेपाचच्या थोडं पुढे असतं. वडिलांची नोकरी केंद्र सरकारची असेल आणि केंद्रीय विद्यालयात घालायचं असेल, तर तिथे २०२२-२३ पासून ३१ मार्चला सहा पूर्ण असावी लागतात. म्हणजे पहिली एप्रिल २०२६ मध्ये. त्या नियमाविरुद्ध पालक न्यायालयात गेले होते, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो टिकला. हेच मूल आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलं तर सप्टेंबर २०२५ मध्ये ते ‘इयर वन’मध्ये असेल, आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत १ सप्टेंबरची तारीख असल्यानं त्याच वेळी ते किंडरगार्टनमध्ये असेल. तिथली किंडरगार्टन एका वर्षाची, आपली केजी दोन वर्षांची. एकच मूल, एकच वाढदिवस, आणि चार ठिकाणी चार उत्तरं.

परदेशी नातेवाइकांच्या बाबतीत आपल्याकडे एक ठोकताळा रूढ झालाय, तो इथेच तपासू. इंग्लंडचा आकडा एकाने कमी केला की आपली इयत्ता मिळते, असं सगळे सांगतात. तिथल्या चौथ्या वर्षातलं मूल म्हणजे आपलं तिसरीतलं. पण इंग्लंडचं शालेय वर्ष ३१ ऑगस्टच्या तारखेवर मुलं विभागतं आणि महाराष्ट्र ३१ डिसेंबरच्या. त्यामुळे २०१९ च्या जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना हा ठोकताळा लागू पडतो: इथे पहिली, तिथे इयर टू. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांना तो लागू पडत नाही: इथे पहिली, तिथे इयर वन, आकडा तोच. दोन-तीन वर्षांसाठी इंग्लंडला जाऊन परत येणारी संगणक क्षेत्रातली आणि परिचारिकांची कुटुंबं कोल्हापुरातही आहेत. त्यांच्या मुलाला परत आल्यावर कुठल्या वर्गात बसवायचं, हे या ठोकताळ्यावर ठरवलं तर वर्षातल्या चार महिन्यांत जन्मलेली मुलं चुकीच्या वर्गात जातील. जन्मतारीख पाहिली तर एकही जाणार नाही.

पण इंग्लंड लांब राहिलं. कोल्हापूरकराला परमुलूख पाहायला कागलच्या पुढे दूधगंगेच्या पुलापर्यंत गेलं तरी पुरतं. पलीकडे कोगनोळी, निपाणी. तिथेही मराठी शाळा, मराठी घरं, आणि इकडच्या लेकी तिकडे व तिकडच्या इकडे दिलेल्या. कर्नाटकनं २०२५-२६ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण असल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही असा नियम केला. पालकांचा दबाव आल्यावर त्याच एका वर्षापुरती ५ वर्षं ५ महिन्यांपर्यंत सवलत दिली. इकडे लोक म्हणाले, तिकडचा नियम कडक. तिकडे लोक म्हणाले, महाराष्ट्रात डिसेंबरपर्यंत चालतं, तिकडे बरं. आता महाराष्ट्राचा ३१ डिसेंबरचा नियम १ जूनच्या भाषेत मांडून बघा. ३१ डिसेंबर २०१९ ला जन्मलेलं मूल १ जून २०२५ ला किती वर्षांचं? बरोबर ५ वर्षं ५ महिन्यांचं. म्हणजे त्या वर्षी पुलाच्या दोन्ही बाजूंना नियम जवळपास एकच होता, फरक फार तर एका दिवसाचा. दोन राज्यं एकच गोष्ट दोन भाषांत सांगत होती आणि मधले पालक पोराला आजोळी ठेवावं का याचा विचार करत होते. वय एकाच तारखेला मोजून लिहायची सवय असती तर ही घालमेल झाली असती का?

नाव एक करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका लेखत नाही. एकसारखं नाव असेल तर बदलीच्या वेळी सोय होते, सरकारी आकडेवारी जुळते, आणि शाळांना नवनवी नावं काढून जास्तीचं एक वर्ष आणि त्याची फी गळ्यात मारता येत नाही. हा शेवटचा मुद्दा तर फार खरा आहे. पण नाव एक केल्यानं अर्थ एक होतो का? बालवाटिकेचंच बघा. राष्ट्रीय धोरणात बालवाटिका म्हणजे पहिलीच्या आधीचा, पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग. केंद्रीय विद्यालयांत बालवाटिका एक, दोन आणि तीन आहेत, वयं तीन, चार आणि पाच. धोरण येऊन चार-पाच वर्षं होतात न होतात तोच एका सरकारी नावाचे सरकारी व्यवस्थेतच दोन अर्थ झाले. उद्या खासगी शाळा ‘बालवाटिका ज्युनिअर’ काढणार नाहीत, असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

आणि नावं टिकत नाहीत, हे आपल्या आजीआजोबांच्या पिढीला विचारा. चौथीपर्यंत मराठी शाळा झाली की मूल ‘इंग्रजी पहिली’त जायचं, म्हणजे आजच्या पाचवीत. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, म्हणजे अकरावी. “मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो” असं सांगणारा म्हातारा माणूस सातवी शिकलेला असतो, आणि नातवंडांना तो तिसरी शिकलेला वाटतो. मग दहा-अधिक-दोन-अधिक-तीनचा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि एका घरातला थोरला भाऊ ‘जुनी अकरावी’ व धाकटा ‘नवी दहावी’ असा हिशेब पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत चालू राहिला. निपाणीकडे आजही अकरावी म्हणजे पीयूसीचं पहिलं वर्ष, इकडे ज्युनिअर कॉलेज. आता नवं धोरण पाच-तीन-तीन-चार वर्षांचे टप्पे म्हणतंय. शिष्यवृत्तीची परीक्षा, जिच्यासाठी आपल्या जिल्ह्यातले शिक्षक सुट्टीच्या दिवशीही पोरं बसवून तयारी करून घेतात, ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचा निर्णय झाला. ‘मी स्कॉलरशिप मिळवली’ एवढ्या वाक्यावरून ते मूल तेव्हा नऊ वर्षांचं होतं की दहा, हे आता सांगता येणार नाही. एक धोरण संपेपर्यंत दुसरं येतं आणि प्रत्येक धोरण पायरीचं नाव बदलतं. मुलाची जन्मतारीख कुठलाही शिक्षणमंत्री बदलू शकत नाही.

म्हणूनच ज्यांनी या देशात शिक्षणाचा हक्क मागितला, त्यांनी इयत्तेत मागितला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, ते निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत. चौथीपर्यंत असं ते म्हणाले नाहीत. १९११ मध्ये गोखल्यांनी मांडलेलं विधेयक सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी होतं. सरकारनं ते पडू दिलं. पुढे सहा वर्षांत, १९१७ मध्ये, करवीर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाला चटका होता. असा दंड बसवायचा तर गावात शाळेच्या वयाचं मूल कोणतं हे आधी ठरवावं लागतं. घराघरांतल्या मुलांचं वय विचारल्याशिवाय ती सक्ती अमलात येणं शक्यच नव्हतं. संविधानानं चौदा वर्षांपर्यंत म्हटलं, २००२ च्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा म्हटलं, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं तर उशिरा आलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवा आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवा असं स्पष्ट सांगितलं. दीडशे वर्षांच्या या सगळ्या मागणीत माप एकच आहे, वय. इयत्ता ही ते माप अमलात आणायची सोय. आपण सोयीलाच माप मानून बसलो.

असं मानल्यावर काय होतं, तेही याच महाराष्ट्रानं पाहिलंय. खेडोपाडी जन्मनोंद नव्हती, तेव्हा गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान पकडायला सांगत. कान हाताला आला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग रजिस्टरात जन्मतारीख काय लिहायची? १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, त्यामुळे वय बरोबर बसायचं. पंचगंगेच्या काठच्या कुठल्याही गावात जा, साठी-सत्तरीतल्या माणसांत १ जूनचे वाढदिवस डझनानं सापडतील, आणि ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत एकाच दिवशी टेबलंच्या टेबलं निवृत्त होताना आपण वर्षानुवर्षं पाहिलीत. त्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे कागद नव्हता आणि पोर शाळेत यायला हवं होतं. तरी झालं ते हेच की वर्ग ठरला आणि वय वर्गाप्रमाणे लिहिलं गेलं. कुणाची नोकरीची दोन वर्षं गेली, कुणाची भरतीची संधी गेली, आणि खरा वाढदिवस कोणता हे आईलाही ‘पंचमीच्या आसपास’ एवढंच आठवत राहिलं. आता जन्मनोंद आहे, जन्मनोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच पुरेसा पुरावा झालाय. माप हातात आहे. ते वापरायचं की पुन्हा वर्गाच्या नावाप्रमाणे मूल वाकवायचं?

‘वर्ष वाया जातं’ हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा जास्त जड आहे, कारण तो फक्त हौसेतून येत नाही. हातावर पोट असलेल्या घरात खासगी बालवाडीची आणखी एका वर्षाची फी म्हणजे घरातली दुसरी एखादी गोष्ट थांबते. मुलीच्या बाबतीत तर भीती वेगळीच असते. ती बारावीला एक वर्ष उशिरा पोहोचली तर तिच्या शिक्षणाआधी तिच्या लग्नाचा विषय निघेल, हे ज्या आईला माहीत आहे तिची घाई मी चूक कशी म्हणू? पण या घाईचं पुढे काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. लवकर ढकललेलं मूल ज्या दारापाशी पोहोचतं, तिथे बहुतेक वेळा वयच मोजलं जातं. नीटमधून वैद्यकीय प्रवेशाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात. सैनिकी शाळेत सहावीला ३१ मार्चला दहा ते बारा. नवोदयच्या परीक्षेला जन्मतारखेची चौकट. भरतीला वय, मतदानाला वय, लग्नालाही कायद्यानं वयच. पहिलीत वाचवलेलं वर्ष दारात थांबून परत द्यावं लागतं, किंवा कुठेच उपयोगाला येत नाही. मुलीचं लग्न लांबवायचं तर ते बारावीच्या निकालावर टांगून लांबत नाही. ती अठरा वर्षांची आहे का, एवढं विचारणारं गाव लागतं.

आणि वर्ष वाचवायची किंमत ते मूल रोज चुकवत असतं. महाराष्ट्राच्या आजच्या नियमानं एकाच पहिलीत १ जानेवारीला जन्मलेलं आणि ३१ डिसेंबरला जन्मलेलं मूल शेजारी बसतं. १ जूनला एकाचं वय ६ वर्षं ५ महिने, दुसऱ्याचं ५ वर्षं ५ महिने. चाळिशीतल्या दोन माणसांत एका वर्षाचा फरक म्हणजे काहीच नाही. साडेपाचच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या सगळ्या आयुष्याच्या जवळपास पाचव्या भागाएवढा असतो. कॅनडात लहान मुलांच्या आइस हॉकीचे गट १ जानेवारीच्या तारखेनं पाडत. पुढे मोठ्या संघांत पोहोचलेल्या खेळाडूंत जानेवारी-फेब्रुवारीचे वाढदिवस फार आणि नोव्हेंबर-डिसेंबरचे फार थोडे, हे १९८०च्या दशकात लक्षात आलं. मोठी मुलं ‘हुशार’ ठरली, त्यांना जास्त सराव मिळाला, आणि धाकटी मुलं खेळ सोडून गेली. आपल्या वर्गातही हेच घडतं आणि इथे सोडून जायची सोय नाही. डिसेंबरमधलं पोर पेन्सिल नीट धरत नाही, बाईंच्या तोंडून ‘जरा कच्चा आहे’ निघतं, घरी शिकवणी लागते. बाईंच्या हजेरीपटावर नावापुढे ‘५ वर्षं ५ महिने’ असं लिहिलेलं असतं, तर तेच वाक्य त्यांच्या तोंडून तसंच निघालं असतं का? शिक्षक मनानं वाईट नसतात. त्यांच्यापुढे इयत्ता ठेवली जाते आणि मूल झाकलं जातं. चप्पल लाइनमध्ये गेलं तर दुकानदार आधी पाय बघतो, मग नंबर काढतो. इथे मात्र नंबर आधी ठरतो आणि पाय त्यात कोंबला जातो.

आता एक आक्षेप शिक्षणातल्या जाणत्या माणसांचा, आणि तो मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. ते म्हणतात, वयाला एवढं महत्त्व देऊ नका. दोन मुलं सारख्या वयाची असली तरी सारखी नसतात. मॉन्टेसरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र बसवतात. आपल्याच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी बालशिक्षण मुलाच्या गतीनं चालू द्या असं सांगितलं. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या डोंगरात दोनशिक्षकी शाळा आहेत, एका खोलीत दोन-दोन इयत्ता, आणि तिथे लहान पोरं मोठ्यांचं ऐकून भराभर शिकतात. वय लिहायला लागलात की नऊ वर्षांचं मूल दुसरीत बसलेलं सगळ्यांना दिसेल आणि ते लाजेनं शाळा सोडेल. यातलं पहिलं सगळं मला मान्य आहे. पण मी वयाप्रमाणे मुलं साच्यात घाला म्हणत नाही. उलट, मिश्र वयाचा वर्ग चालवायचा असेल तर कोण किती वर्षांचं आहे हे शिक्षकाला आणखी नेमकं माहीत हवं. मॉन्टेसरीच्या वर्गाचं नावच मुळी ‘तीन ते सहा’ असतं. लाजेचं म्हणाल, तर मला वय लिहायचंय ते वर्गाचं, फलकावर. मुलाचं वय फक्त शिक्षकाच्या हजेरीपटावर राहील. आणि नऊ वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवल्याची लाज त्या मुलानं का वाटून घ्यावी? कायदा त्याला चौथीत बसवून आधाराचं शिक्षण द्या म्हणतो. फलकावर दुसरीचं वय लिहिलेलं असेल, तर प्रश्न शाळेला विचारला जाईल.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कुणासाठी सगळ्यात मोठा आहे? केजीच्या रांगेत उभ्या असलेल्या पालकांसाठी तो नाही. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. त्यांची मुलं अर्धं वर्ष एका शाळेत आणि अर्धं फडाजवळच्या दुसऱ्या शाळेत, किंवा कुठेच नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत, इचलकरंजीच्या मागांवर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. यांच्या बाबतीत ‘कितवीला आहेस?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. मूल गप्प राहतं, शाळा त्याला अंदाजानं खालच्या वर्गात बसवते, पुढच्या वर्षी तो वर्गही अर्धा राहतो, आणि बारा वर्षांचं पोर तिसरीत बसून कंटाळून कोयता उचलतं. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची कल्पना निघाली ती यासाठीच. त्या कार्डावरही इयत्तेच्या आधी वय ठळक हवं. ‘वय दहा’ हे उत्तर माजलगावात आणि पन्हाळ्यात सारखंच असतं.

वय मोजायला लागलात की वय खोटं लिहिलं जातं, असंही कुणी म्हणेल, आणि कोल्हापुरात तरी हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. शालेय कुस्ती आणि फुटबॉल १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत चालतात, आणि वय चोरून मैदानात उतरलेल्या पोरांवरून होणारी भांडणं आपल्या तालमींना आणि पेठांना नवी नाहीत. पण तिथे वय चोरायचं कारण आहे, धाकट्यांच्या गटात जिंकता येतं. शाळेतल्या वयाचा तसा फायदा आहे तो फक्त आज, जेव्हा एका तारखेवर सगळं अडतं आणि पलीकडे काय आहे ते कुणी सांगत नाही. फलकावर ‘पहिली: ५ वर्षं ५ महिने ते ६ वर्षं ५ महिने’ असं लिहिलं असेल, तर आपलं मूल त्या पट्ट्यात कुठे बसतंय ते आईवडिलांना दिसेल. काठावरचं असेल तर ते एक वर्ष थांबायचंही ठरवतील, आणि तो निर्णय त्यांचा असेल. कागद तपासायला आता जन्मदाखला आहेच.

माझ्या मतानं ५ वर्षं ५ महिने हे पहिलीसाठी लवकर आहे, आणि १ जूनला सहा पूर्ण हीच तारीख महाराष्ट्रानंही धरावी. पण ती लढाई मुंबईत लढायची आहे आणि ती लांबेल. वय लिहायला मुंबईची वाट पाहायचं कारण नाही. जिल्हा परिषदेचा आणि महापालिकेचा शिक्षण विभाग आपल्या शाळांसाठी हे पुढच्या प्रवेशाआधी करू शकतो. अर्जात एक ओळ, दर्शनी फलकावर एक रकाना, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारखेखाली ‘१ जून रोजी वय’ एवढी जागा. अंगणवाडी सेविकेच्या वहीत मुलांची वयं महिन्यांसह आधीपासून असतात, कारण तिला वजन-उंची वयाशी ताडून बघावी लागते. तिनं दिलेल्या यादीवरून गावातल्या शाळेला पहिलीत येणारी मुलं नावानिशी कळू शकतात. खासगी पूर्वप्राथमिक वर्गांवर सक्ती करायला नियम तोकडे पडतील, हे मला माहीत आहे. तिथे पालकांनी धरावं. फी विचारण्याआधी विचारावं, “या वर्गात १ जूनला मूल किती वर्षांचं असतं?” ज्या शाळेला याचं उत्तर आकड्यात देता येत नाही, तिच्या वर्गाचं नाव कितीही गोड असलं तरी तिथे पावती फाडू नये.